मॅप म्हणतो ‘सरळ जा’, पण पुढं पूल आहे का?



गटाचे पापड-मसाले प्रदर्शनाला न्यायचे असोत, लेकीच्या सासरी जायचं असो, नाहीतर पेशंटला अमरावतीला न्यायचं असो, आता गाडीवाला आधी मोबाईलवर मॅप लावतो. आपल्यातल्या कितीतरी जणी स्कूटीवर जातानाही ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ ऐकत जातात. मॅप कामाची चीज आहे, फिल्डवर मीही वापरते. पण तो कुठं चुकतो आणि काहून चुकतो हे माहीत नसलं, तर गोष्ट जिवावर जाऊ शकते.

जानेवारी २०२१ मध्ये तसं झालं. पुण्याहून तिघं जण रात्री कारनं कळसूबाईकडं निघाले होते. अकोले तालुक्यात मॅपनं दाखवलेल्या रस्त्यानं गाडी सरळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. तिथला पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. गावातल्या लहान पोरालाही ते माहीत, पण मॅपला माहीत नव्हतं. दोघं कसेबसे बाहेर आले, गाडी चालवणारा गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या पुलावरून कार खाली पडून तिघं गेले. त्या पुलाचा काही भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता, मॅपवर मात्र पूल धड दिसत होता.

लोक म्हणतात ‘उपग्रहानं चुकीचा रस्ता दाखवला’. खरं म्हणजे उपग्रह रस्ता दाखवतच नाही. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर जीपीएसचे तीसेक उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात. ते रेडिओवरून फक्त ‘आत्ता इतके वाजले, मी इथं आहे’ एवढंच सांगत राहतात. आपला मोबाईल निदान ४ उपग्रहांचं बोलणं पकडतो, ते पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, आणि आपण कुठं उभ्या आहोत ते ठरवतो. मोकळ्या वावरात हे पाच-दहा मीटरच्या फरकानं बरोबर येतं. उपग्रहाचं काम तिथंच संपलं. तुम्ही कुठं आहात ते त्यानं सांगितलं, पुढं काय आहे ते नाही.

पुढचं काम कंपनीच्या नकाशाचं. तो आकाशातून काढलेले फोटो, सरकारी नोंदी आणि लोकांनी कळवलेली माहिती यांवरून बनतो. रस्ता मोकळा आहे की गर्दी आहे, हे त्या रस्त्यानं जाणाऱ्या लोकांच्या मोबाईलवरून कळतं. अमरावतीच्या राजकमल चौकात एका वेळी शेकडो मोबाईल असतात, म्हणून तिथला जाम लगेच लाल दिसतो. आपल्या गावाच्या फाट्यावरून तासाभरात दोन गाड्या जातात. त्या गेल्या नाहीत, तर रस्ता बंद आहे की आज बाजाराचा दिवस नाही, हे मॅपला कसं कळणार?

आणि आपल्याकडं खरी अडचण पांदणीची आहे. आकाशातून काढलेल्या फोटोत पांदण रस्ता एकदम साफ दिसतो. दोन बाजूनं धुरे, मधात सरळ पट्टा. नकाशात तोही रस्ता म्हणून येतो, आणि मॅप हिशोब करतो की डांबरी रस्त्यानं १८ किलोमीटर, इकडून ११, तर इकडूनच जा. उन्हाळ्यात कदाचित जाताही येईल. पण दर्यापूर, अकोट, बाळापूरकडं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली काळी माती पावसात कशी होते, ते तुम्हाला मी काय सांगू! चाक एकदा रुतलं की ट्रॅक्टर आणल्याशिवाय निघत नाही. मॅपला आषाढ आणि चैत्र यातला फरक कळत नाही. रपट्याचं तसंच. मॅपवर रपटा आणि पूल सारखेच दिसतात. वर धो धो पाऊस पडला आणि नाल्याला लोंढा आला तरी मॅप ‘सरळ जा’ म्हणणारच.

मोठे पूलही याला अपवाद नाहीत. अकोला-अकोट रस्त्यावरचा गांधीग्रामचा पूर्णेवरचा पूल इंग्रजांच्या काळातला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो धोकादायक झाला म्हणून वाहतूक बंद केली आणि लोकांना लांबच्या फेऱ्यानं जावं लागलं. अशी बातमी चहाच्या टपरीवर अन् एसटी स्टँडवर त्याच दिवशी पोचते. म्हणून नव्या बाजूला निघताना आधी एक फोन करा, त्या गावातल्या गटाच्या अध्यक्षाताईला किंवा सीआरपी ताईला. आपल्या संघाचं जाळं यासाठी वापरायला काय हरकत आहे?

विचारण्यातही मेख आहे. ‘हा रस्ता जातो का जी?’ असं विचारलं की ‘जाते ना’ म्हणतील. खरंच आहे, बैलबंडी जाते. त्यापेक्षा असं विचारा: कार जाते का? रपट्यावर पाणी आहे का? काल-परवा कोणती गाडी गेली? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, एसटी कोणत्या रस्त्यानं जाते? जिथून एसटी जाते तो रस्ता लांबचा असला तरी रात्रीच्या वेळी तोच धरा. दहा मिनिटं वाचवायला अनोळखी आडरस्त्यात शिरू नका, सोबत सगळ्या बायाच असल्या तर अजिबात नाही.

दुसरी गडबड नावांची. वर अकोले आलं ना, ते अहिल्यानगर जिल्ह्यातलं, आपला अकोला नाही. टाईप करताना एका मात्रेचा फरक. आपल्याच जिल्ह्यात चांदूर बाजार अमरावतीच्या उत्तरेला, चांदूर रेल्वे त्याच्या उलट बाजूला. धामणगाव रेल्वे आहे, अचलपूर तालुक्यात धामणगाव गढी आहे आणि बुलडाण्यात धामणगाव बढे. नुसतं ‘धामणगाव’ टाकलं की मॅप आपल्या मनानं एक निवडतो. म्हणून गावाच्या नावासोबत तालुका, जिल्हा टाका. पिनकोड पाहा, अमरावती-अकोल्याचा पिनकोड ४४४ नं सुरू होतो. आणि ‘सुरू करा’ दाबायच्या आधी पूर्ण रस्ता बोटानं लहान करून एकदा पाहून घ्या, किती किलोमीटर दाखवतो, मधात कोणती गावं येतात. अर्ध्या तासाच्या वाटेला चार तास दाखवत असेल तर गाव दुसरंच आहे.

स्कूटीवाल्या तायांसाठी एक खास गोष्ट. मॅपमध्ये कार आणि दुचाकी असे वेगळे चिन्ह असतात. कारचं चिन्ह राहिलं तर मॅप समृद्धी महामार्गावर न्यायला पाहील. तो आपल्याकडं धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो आणि त्यावर दुचाकी, ऑटो चालत नाहीत. कारवाल्यांनीही लक्षात ठेवावं, तिथं उतरायची जागा चुकली की मधात कुठं वळता येत नाही, पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावंच लागतं.

मेळघाटात जाणार असाल तर तयारी घरूनच करा. परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीला जाताना मधात रेंज जाते. रेंज गेली तरी उपग्रहाचं बोलणं मोबाईलला ऐकू येतं, कारण त्याला इंटरनेट लागत नाही. पण नकाशा इंटरनेटवरून येतो, म्हणून स्क्रीन कोरी पडते. घरी रेंज असताना त्या भागाचा नकाशा ‘ऑफलाइन’ डाउनलोड करून ठेवला की निळा ठिपका चालत राहतो. सोबत एका कागदावर गावांची नावं क्रमानं लिहून घ्या. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

पाहुण्यांना, बँकेच्या साहेबांना किंवा माल न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याला आपलं लोकेशन पाठवायचं असेल तर प्रत्यक्ष त्या जागी उभं राहून, घराबाहेर मोकळ्यात येऊन व्हाट्सअॅपवरून पाठवा. टिनाच्या छताखाली किंवा घरात बसून पाठवलं की ठिपका बाजूच्या गल्लीत जातो. लांबच्या प्रवासाला निघाल्या असाल तर घरच्यांना किंवा गटातल्या एका ताईला ‘लाइव्ह लोकेशन’ द्या. ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालू ठेवता येतं.

रपट्यावर पाणी दिसलं तर थांबा. पाणी किती खोल आहे आणि खालचा रस्ता शिल्लक आहे का, हे वरून दिसत नाही. गाडी पाण्यात गेलीच, तर बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दार उघडत नाही. पट्टा सोडून आधी काच खाली करायची आणि खिडकीतून निघायचं. पोरं सोबत असतील तर आधी त्यांना काढायचं.

आता एक काम आपल्या सगळ्यांसाठी. मॅपमध्ये चूक कळवायची सोय असते, गावाचं नाव चुकलं, रस्ता बंद आहे, रस्ताच दाखवला नाही, असं काहीही. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत ज्यांच्याकडं स्मार्टफोन आहे त्या दोघी-तिघींनी आपल्या गावाचा नकाशा उघडून पाहा. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र बरोबर जागी आहे का? पांदण मोठा रस्ता म्हणून दाखवली आहे का? जमलं तर तिथंच कळवा, नाही जमलं तर वहीत लिहून ठेवा, मी गावात आले की आपण मिळून करू. कळवल्यावर बदल लगेच दिसत नाही, कधी दिवस लागतात, कधी परत कळवावं लागतं.

आणि १०८ ला फोन लावाल तेव्हा मॅपच्या भरवशावर राहू नका. गाव, तालुका, कोणत्या फाट्यावरून आत यायचं आणि फाट्यावर कोणती खूण आहे, हे तोंडानं सांगा. पावसाळ्यात रपटा बंद असेल तर दुसरा रस्ताही सांगा, आणि एका माणसाला टॉर्च घेऊन फाट्यावर उभं करा.