डेंटिस्टच्या खुर्चीमागे पाच दिवस

घरात कोणी बारावी सायन्सला असेल आणि नीटचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘‘एमबीबीएस नाही मिळालं तर बीडीएस आहेच.’’ म्हणजे दातांचा डॉक्टर व्हायचं ते दुसरा पर्याय म्हणून. इंटर्नशिप धरून ५ वर्षं ज्या शिक्षणाला द्यायची, ते काम रोज दिसतं कसं, हे मात्र मुलांनी पाहिलेलं नसतं. स्वतःचा दात दुखला तेव्हा खुर्चीत आडवं पडून छताकडे पाहिलं, एवढीच ओळख.

अमेरिकेतली अनेक डेंटल कॉलेजेस अर्ज करणाऱ्यांना विचारतात, की तुम्ही किती तास डेंटिस्टसोबत राहून त्याचं काम पाहिलंत? याला शॅडोइंग म्हणतात. सावलीसारखं मागे उभं राहायचं, कशालाही हात लावायचा नाही. आपल्याकडे प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, असा अनुभव कोणी मागत नाही. तरी गुरुग्राममध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीने अकरावीनंतरच्या जूनच्या सुट्टीत तो घेतला. तिच्या आईने सोसायटीजवळच्या मार्केटमधल्या डेंटिस्ट मॅडमना सरळ जाऊन विचारलं. मॅडमनी तीन अटी घातल्या. पेशंट हो म्हणाला तरच आत थांबायचं, मोबाइल बाहेर ठेवायचा आणि कोणाच्या तोंडात काय पाहिलं ते नावानिशी घरी सांगायचं नाही. म्हणून इथेही कोणाचं नाव नाही.

पहिल्या दिवशी भाचीला ड्रिल पाहायचं होतं, पाहायला मिळाला प्रेशर कुकर! म्हणजे ऑटोक्लेव्ह. वापरलेली अवजारं आधी घासूनपुसून, मग पाकिटात बंद करून १२१ अंशांवर दाबाखालच्या वाफेत १५-२० मिनिटं ठेवतात. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला की ते वाफेतून गेलंय हे कळतं. तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा अवजारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय ना, हे पाहायला काहीच हरकत नाही. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

मग ‘फोर-सिक्स’. मॅडम सहायकाला आकडे सांगत होत्या आणि भाचीला वाटलं, पेशंटचा नंबर असेल. खरंतर तो दाताचा पत्ता असतो. तोंडाचे चार भाग, उजवीकडचा खालचा भाग चौथा, त्यातला मधून मोजत सहावा दात.

हाच सहावा दात दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटला. आठ वर्षांचा मुलगा, दाढेत काळा खड्डा. आई म्हणाली, ‘‘दूध का दाँत है ना, गिर जाएगा.’’ मॅडमनी आरसा धरून तिला दाखवलं. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि दुधाच्या दातांच्या मागे येते. कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ताच लागत नाही. पण ती कायमची असते. गेली की पुन्हा येत नाही.

मुलगा तोंड उघडेना. मॅडमनी हवेचा फवारा आधी त्याच्या नखावर सोडला, मग स्वतःच्या हातावर, मग त्याच्या गालावर. छोट्या आरशाने दात मोजले, मधेच मुद्दाम चुकल्या, त्याने दुरुस्त केलं. आधी सांगायचं, मग दाखवायचं आणि मगच करायचं, अशी ही पद्धत आहे. वीस मिनिटं गेली आणि त्या दिवशी ड्रिल हातात घेतलंच नाही. आई थोडी वैतागली, ‘‘आज कुछ किया ही नहीं?’’ भाचीलाही तसंच वाटलं होतं. पाचव्या दिवशी तोच मुलगा आपणहून खुर्चीत चढून बसला आणि दाढ भरून घेतली, तेव्हा त्या वीस मिनिटांचा हिशेब लागला.

तिसऱ्या दिवसाबद्दल ती अजून जपून बोलते. पंचविशीतला एक तरुण ड्रायव्हर आला होता. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, एवढीच तक्रार. मॅडम म्हणाल्या, ‘‘तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा.’’ दोनच कशीबशी गेली. अनेक वर्षं सुपारी, पान मसाला चघळला की गालांच्या आतली त्वचा ताठर होत जाते, तोंड उघडणं कमी होत जातं. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा हे करते. औषधांनी, व्यायामाने थोडा आराम पडतो, पण त्वचा पूर्ववत होणं कठीण असतं आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. मॅडमनी कुठलाही शब्द न लपवता हे त्याला सांगितलं आणि तपासणीसाठी मोठ्या डेंटल हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. त्याने विचारलं, ‘‘छोड़ दूँगा तो खुल जाएगा?’’ मॅडम लगेच हो म्हणाल्या नाहीत. भाची म्हणते, मी असते तर म्हटलं असतं.

त्या रात्री तिने बाबांना तीन बोटं घालायला लावली. गेली. जेवणानंतरच्या सुपारीचा डबा मात्र अजून डायनिंग टेबलवरच आहे आणि त्यावरून बापलेकीचं अधूनमधून वाजतं.

एक कॉलेजकन्यका हसताना तोंडावर हात ठेवायची. दातांवर तपकिरी डाग. ती नीट घासत नाही असं घरचे म्हणत. दोष पाण्याचा होता. हरियाणाच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरमध्येही तेच. लहानपणी दात तयार होत असताना हे पाणी पोटात गेलं तर डाग कायमचे उमटतात, ब्रशने ते जात नाहीत.

पैशांचा प्रश्न चौथ्या दिवशी आला. घरकाम करणाऱ्या एका बाईंची दाढ रूट कॅनालने वाचणारी होती. पण दोन-तीन खेपा, वर कॅपचा खर्च, प्रत्येक खेपेला बुडणारा रोज. मॅडमनी दोन्ही बाजू सांगितल्या, बुढेड्याला एसजीटी विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, तिथे कमी खर्चात होईल असंही सुचवलं. (मुंबईत १९३३ सालापासूनचं नायर डेंटल कॉलेज याच कारणासाठी अनेक घरांना माहीत आहे.) बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘‘निकाल दो.’’ वाचणारा दात काढताना पाहणं भाचीला जड गेलं. हात धुताना मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘‘दाँत उनका है.’’

शेवटी तिने विचारलंच, पुन्हा संधी मिळाली तर हेच कराल? दिवसभर वाकून मॅडमची मान धरलेली होती. म्हणाल्या, ‘‘मान दुखत नसेल त्या दिवशी विचार.’’

भाचीचं अजून ठरलेलं नाही. बीडीएसला ‘दुसरा पर्याय’ म्हणणाऱ्या काकांशी ती हिरिरीने भांडते, पण ‘मग तू घेणार का?’ म्हटलं की गप्प होते.

तुमच्या मुलांना पाठवायचं असेल तर ओळखीच्या डेंटिस्टला विचारा, बरेच जण नाही म्हणत नाहीत. एका दिवसाने काही कळत नाही. तोच पेशंट परत येईपर्यंत थांबायला हवं. केस बांधलेले, बूट बंद आणि पोटभर नाश्ता करून जा. पहिला दात निघताना पाहून भाचीला स्टुलावर बसावं लागलं होतं. त्या सकाळी ती फक्त चहा पिऊन गेली होती.