‘जुन्नर’ची सहा प्रश्नचिन्हे

नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख सुमारे दोन हजार वर्षे जागचा हललेला नाही. तरी 1837च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडेपर्यंत तो कुणाला लागत नव्हता. लेख होता, वाचायची रीत हरवली होती. प्रोग्राममधून आपोआप सुटणाऱ्या मराठी ईमेलचे पुष्कळदा असेच होते.

ईमेलचे मूळ नियम ‘आस्की’ या अमेरिकी तक्त्यावर बेतलेले. 1963च्या या तक्त्यात जागा 128, आणि देवनागरीला त्यात एकही नाही. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक मिळाला.

‘जुन्नर’ हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने मात्र ज, उकार, न, हलन्त, न, र अशी सहा चिन्हे. हे क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या ‘यूटीएफ-8’ या पद्धतीत देवनागरीचे दर चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे झाले 18 बाइट. प्रोग्रामने हा शब्द आस्कीत कोंबला, तर सहा प्रश्नचिन्हे उमटतात आणि मूळ शब्द कायमचा जातो. बाइट नीट पोचले, पण समोरच्याने ते युरोपीय तक्त्याने वाचले, तर मात्रा दिलेल्या रोमन ‘ए’सारख्या चिन्हांची रांग लागते. या दुसऱ्या प्रकारात मजकूर सहसा परत मिळवता येतो, पहिल्यात नाही.

यावर 1992 साली ‘माइम’चे नियम आले. मजकूर कोणत्या तक्त्याने वाचायचा, हे ईमेलच्या शीर्षभागात लिहायचे. विषयाच्या ओळीसाठी ‘बेस64’ वापरता येते: तीन बाइटांची चार साधी आस्की चिन्हे. त्यामुळे ‘जुन्नर’ 24 चिन्हांत जातो. अशा एका तुकड्याला वेष्टनासह 75 चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम 15 चिन्हे. ‘शेतकऱ्यांसाठी’ या एका शब्दालाच 13 लागतात. साहजिकच लांब विषयाचे तुकडे पडतात, आणि प्रोग्रामने एखादे चिन्ह मधोमध कापले की तिथे अक्षराऐवजी डबा दिसतो.

म्हणून हे तुकडे हाताने जोडत बसू नये. पायथनचा ‘ईमेलमेसेज’ हे काम स्वतः करतो. पीएचपीचे ‘मेल’ करत नाही. तिथे विषय आधी ‘एमबी_एनकोड_माइमहेडर’मधून काढावा लागतो. 2012च्या ‘एसएमटीपीयूटीएफ8’ या मानकाने थेट देवनागरी पाठवायची मुभा दिली आहे, पण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ते कळले पाहिजे.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एकच विनंती. चाचणीचा ईमेल ‘टेस्ट’ असा इंग्रजी विषय देऊन पाठवू नका. इंग्रजी अक्षरे आस्कीत, यूटीएफ-8मध्ये आणि युरोपीय तक्त्यांत सारख्याच बाइटांनी लिहिली जातात, त्यामुळे ती चाचणी नेहमीच पास होते. विषयात ‘आंबेगाव तालुक्यातील शेतकऱ्यांसाठी सूचना’ लिहा, फोनवर आणि संगणकावर उघडून पाहा, आणि मगच यादीतल्या सगळ्यांना पाठवा.