समोर चिप्सचा डोंगर असेल तर?

समोरच्याकडे 1 लाख 20 हजार चिप्स, ब्लाइंड भरून माझ्याकडे 18 हजार. पण या हातात पणाला लागणार 18 हजारच. बाकी ढीग नुसता बघायचा!

ब्लाइंड 500-1000, अँटी 1000. मी बिग ब्लाइंडवर. तो बटनवरून 2200 करतो, आणि असले लोक तिथून कशावरही रेज करतात. माझ्याकडे बदामचा एक्का-पंजी. नुसता कॉल नको, मी ऑल-इन जातो. त्याने पानं टाकली की 4700 आपले, स्टॅक पाव हिश्श्याहून जास्त वाढतो.

मात्र एकजण बाद झाला की बाकी सगळे बक्षिसात, अशा वेळी ऑल-इन आधी त्यानेच केलं, तर त्याने पानं टाकण्याचा प्रश्नच उरत नाही. हरलो तर मी रिकाम्या हाताने बाहेर. तेव्हा मी एक्का-दश्शीसुद्धा टाकतो.