तीन संस्थानांचा दिवाण, काँग्रेसचा साक्षीदार

१९१९ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या संयुक्त समितीचे काम चालू होते. अध्यक्ष होते लॉर्ड सेलबोर्न. हिंदुस्थानला राज्यकारभारात किती वाटा द्यायचा, हा प्रश्न समितीपुढे होता आणि त्यासाठी हिंदुस्थानातून आलेल्यांच्या साक्षी होत होत्या. होमरूल लीगतर्फे लोकमान्य टिळकांनी साक्ष दिली. काँग्रेसतर्फे बोलणाऱ्यांत विठ्ठलभाई पटेल होते आणि त्यांच्या जोडीला एकोणसत्तर वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ होते. या गृहस्थांनी त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली होती. ‘सीआयई’ हा ब्रिटिश सरकारचा किताबही त्यांच्या नावापुढे होता. त्यांचे नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव. कागदोपत्री ते व्ही. पी. माधवराव म्हणूनच ओळखले गेले, आणि त्या ‘पी’मागे पाटणकर हे अस्सल मराठी आडनाव आहे हे आज महाराष्ट्रात फारच थोड्यांना ठाऊक असेल.

माधवरावांचा जन्म १० फेब्रुवारी १८५० रोजी कावेरीकाठच्या कुंभकोणमला झाला. व्यंकोजीराजे भोसले, म्हणजे शहाजीराजांचे पुत्र एकोजी, बंगळुरूहून तंजावरला गेले आणि तिथे मराठ्यांचे राज्य उभे राहिले. त्या राज्याच्या आश्रयाने कावेरीच्या खोऱ्यात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. राज्य गेले तरी ती माणसे तिथेच राहिली. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि कचेरीत इंग्रजी असा त्यांचा व्यवहार असे. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतल्या संस्थानांना कारभारी पुरवण्याचे काम ज्या गावांनी केले त्यांत कुंभकोणमचे नाव फार वर येते. तिथल्या सरकारी कॉलेजात विल्यम पोर्टर यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांची एक पिढी तयार झाली. माधवराव त्यांतलेच.

इथे एक घोटाळा आधीच टाळायला हवा. इतिहासात कुंभकोणमचे आणखी एक माधवराव आहेत, सर टी. माधवराव. तेही तंजावरी मराठी, तेही त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण. ते १८२८ साली जन्मले, म्हणजे आपल्या माधवरावांहून बावीस वर्षांनी मोठे. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष हेच थोरले माधवराव होते. आणि व्ही. पी. माधवरावांनी १९०९ मध्ये म्हैसूरची दिवाणगिरी सोडली तेव्हा त्यांच्या जागी आले टी. आनंदराव, थोरल्या माधवरावांचे चिरंजीव. एका गावातल्या मराठी घरांनी तीन-तीन संस्थानांचा कारभार असा हातोहात सांभाळला, याचे मला खरोखर नवल वाटते. त्याहून नवल याचे, की आपल्या शाळांतल्या इतिहासात याला दोन ओळीही मिळत नाहीत.

पदवी घेऊन माधवराव म्हैसूरच्या नोकरीत शिरले. राजपुत्रासाठी काढलेल्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांची सुरुवात झाली. पुढे एकेक पायरी चढत ते संस्थानच्या पोलीस खात्याचे प्रमुख झाले, महसूल आयुक्त झाले. ही दोन खाती लक्षात ठेवावीत. लंडनच्या साक्षीशी त्यांचा फार जवळचा संबंध आहे.

माधवरावांची खरी कसोटी लागली ती प्लेगात. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग आगगाडीच्या रुळांवरून दक्षिणेत उतरला आणि ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळुरूत दाखल झाला. शहर तेव्हा एकसंध नव्हते. जुनी पेठ म्हैसूर संस्थानची होती आणि पलीकडची छावणी थेट ब्रिटिशांची. मधे कब्बन पार्क. रोगाला ही हद्द ठाऊक नव्हती, पण कारभार मात्र दोन वेगळ्या नगरपालिकांचा होता. पेठेतली घरे भिंतीला भिंत लावून उभी, गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन जेमतेम दुपारी जमिनीला लागे. संस्थानने माधवरावांना प्लेग आयुक्त नेमले.

वर्षभरापूर्वीच पुण्यात काय घडले होते ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होते. घरांत घुसून केलेल्या तपासण्यांनी लोक पेटले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. प्लेग आवरायला निघालेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला हा धडा टाळता येणार नव्हता. बंगळुरूतही घरे रिकामी करावी लागली आणि रोग्यांना वेगळे ठेवावे लागले. या साथीने शहराचा चेहराच बदलून टाकला. साथीच्या कामात खबर लवकर पोचावी म्हणून टेलिफोनच्या तारा ओढल्या गेल्या. आरोग्य अधिकारी नेमला गेला. पेठेतली दाटी मोकळी करायला मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या आखीव वसाहतींना जोर आला. सरळ समांतर रस्ते, घरांमध्ये मोकळी जागा आणि सफाईसाठी घरांच्या मागून जाणारे बोळ अशी त्यांची आखणी होती. आज मल्लेश्वरममध्ये संपिगे रोडवर खरेदीला गेलेल्या माणसाने उजव्या-डाव्या हाताचे क्रॉस रस्ते बघावेत. त्या सरळ रेषांमागे प्लेगाची भीती आहे. शहरात ठिकठिकाणी प्लेगम्मा आणि मारिअम्मा यांची देवळेही आहेत. लोकांनी आपल्या परीने साथीला तोंड दिले त्याची ती खूण.

याच मल्लेश्वरमला नाव देणाऱ्या काडू मल्लेश्वराच्या देवळात १६६९ सालचा एक शिलालेख आहे. एकोजीराजांनी देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची नोंद त्यात आहे. ज्या राजाने पुढे तंजावरचे मराठी राज्य स्थापले, त्याचा दानलेख इथे बंगळुरूत. आणि त्या राज्याच्या छायेत वाढलेल्या मराठी समाजातला एक माणूस सव्वादोनशे वर्षांनी याच शहराला प्लेगातून बाहेर काढायला उभा राहिला.

१९०४ साली माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले आणि त्यांनी श्री मूलम् प्रजासभा स्थापन केली. म्हैसूरमध्ये दिवाण रंगाचार्लूंनी १८८१ सालीच प्रजा प्रतिनिधी सभा सुरू केली होती. दसऱ्याच्या वेळी गावोगावचे प्रतिनिधी राजधानीत जमत आणि दिवाणापुढे गाऱ्हाणी मांडत. इतकी वर्षे म्हैसूरच्या नोकरीत काढलेल्या माधवरावांनी हा प्रयोग जवळून पाहिला होता. त्रावणकोरची पहिली सभा २२ ऑक्टोबर १९०४ रोजी त्रिवेंद्रमच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टाउन हॉलमध्ये भरली. सुरुवातीला अधिकाऱ्यांनी निवडलेली माणसे होती. वर्ष उलटायच्या आत, मे १९०५ मध्ये, नियम बदलून शंभर सभासदांपैकी ७७ निवडणुकीने आणि २३ नेमणुकीने घ्यायचे ठरले. मतदार कोण, तर ठरावीक सारा भरणारे जमीनदार, ठरावीक उत्पन्न असलेले आणि जुने पदवीधर. गरिबाला तिथे जागा नव्हती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही १९०५ साली कर भरणाऱ्या रयतेने स्वतः माणूस निवडून दिवाणापुढे उभा करायचा, ही गोष्ट ब्रिटिश मुलुखात कुठे होती? धान्याच्या रूपात घेतला जाणारा सारा बंद करून रोखीत घेण्याची सुधारणाही त्यांच्याच कारकिर्दीत झाली. सरकारी कोठारांवर भात मोजताना शेतकऱ्याची जी नागवणूक होई ती त्यामुळे थांबली.

जून १९०६ च्या अखेरीस ते म्हैसूरचे दिवाण झाले. महाराज चौथे कृष्णराज वडियार तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे होते. माधवरावांच्या कारकिर्दीत मार्च १९०७ मध्ये टाटांच्या विज्ञान संस्थेसाठी संस्थानने बंगळुरूत ३७१ एकर जमीन दिली. तीच आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. त्याच १९०७ मध्ये म्हैसूरची कायदे कौन्सिल स्थापन झाली. प्रतिनिधी सभा गाऱ्हाणी ऐकवू शके, कायद्याला हात लावू शकत नसे. कौन्सिलमध्ये कायद्याच्या मसुद्यावर बसून चर्चा होऊ लागली. सभासद मोजके आणि बहुतेक नेमलेले, अध्यक्ष स्वतः दिवाण. कर्नाटकच्या पंचाहत्तर सभासदांच्या विधान परिषदेचा इतिहास लिहिताना सुरुवात इथूनच करावी लागते.

आणि मग आले १९०८. माधवरावांच्या चरित्रातले हे वर्ष झाकून पुढे जाता येणार नाही. देशभर दडपशाहीचा वरवंटा फिरत होता. २४ जूनला टिळकांना अटक झाली, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मांडलेला झाली. त्याच वर्षी म्हैसूरमध्ये दिवाण माधवरावांनी वृत्तपत्रांचा कायदा आणला. सरकारच्या परवानगीशिवाय पत्र काढता येणार नाही आणि दिलेली परवानगी सरकार काढून घेऊ शकेल, असा तो कायदा. म्हैसूरचे वयोवृद्ध संपादक एम. वेंकटकृष्णय्या, ज्यांना सारे राज्य ‘ताताय्या’ म्हणे, त्यांनी निषेध म्हणून आपली पत्रे बंद केली. त्यात १८८५ पासून चालत आलेले ‘वृत्तान्त चिंतामणी’ होते. संस्थानात ब्रिटिश रेसिडेंट बसलेला असे, कलकत्त्याची नजर असे, हे सगळे मान्य. पण कायद्यावर नाव दिवाणाचे होते आणि त्याचा फटका बसला तो आपल्याच मुलुखातल्या सज्जन संपादकांना. माधवरावांबद्दल मनात कितीही आदर असला तरी या कायद्याचे समर्थन मी करणार नाही. ज्या हाताने कायदे कौन्सिल उभी केली त्याच हाताने छापखाने बंद पाडले.

मार्च १९०९ मध्ये म्हैसूर सुटले. त्यानंतर ते बडोद्यात सयाजीराव महाराजांचे दिवाण झाले. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव पाचव्या जॉर्जला मुजरा करताना पुरेसे वाकले नाहीत आणि पाठ फिरवून परतले, म्हणून मोठे वादळ उठले. लंडनच्या वृत्तपत्रांनी महाराजांवर राजद्रोहाचे आरोप केले.  साम्राज्य आपल्या सर्वांत कर्तबगार संस्थानिकालाही किती सहज अपमानित करू शकते, ते माधवरावांच्याही ध्यानात आले असणार. माझ्या मते दिवाण माधवरावांचा काँग्रेसवाले माधवराव होण्याचा प्रवास समजून घेताना बडोद्याचा हा प्रसंग विसरता कामा नये.

निवृत्तीनंतर संस्थानचा दिवाण सहसा बंगल्यात बसून आठवणी लिहितो. माधवराव काँग्रेसमध्ये गेले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचे विधेयक पार्लमेंटपुढे आले तेव्हा काँग्रेसने आपले शिष्टमंडळ लंडनला पाठवले आणि त्यात सत्तरीच्या उंबरठ्यावरचे माधवराव समुद्र ओलांडून गेले. टिळक तिथे होतेच. ज्या वर्षी टिळक मांडलेला गेले त्या वर्षी पत्रांवर कायदा आणणारा दिवाण, अकरा वर्षांनी त्याच टिळकांच्या बाजूने त्याच सत्तेपुढे साक्ष देत होता.

त्या साक्षीचे महत्त्व कळायला सुधारणांची मेख समजून घ्यावी लागते. प्रांतांचा कारभार दोन भागांत वाटायचा होता. शिक्षण, आरोग्य, स्थानिक संस्था ही खाती हिंदी मंत्र्यांकडे. महसूल, पोलीस, बंदोबस्त ही खाती गव्हर्नरच्या हातात राखून ठेवलेली. यालाच द्विदल राज्यपद्धती म्हणतात. राखीव खाती हिंदी माणसांना पेलणार नाहीत, त्यांना अजून अनुभव नाही, हे या वाटणीमागचे गृहीत होते. काँग्रेसची मागणी होती की प्रांतांत पूर्ण जबाबदार राज्यपद्धती द्या. आणि ती मागणी मांडायला समोर बसला होता असा माणूस, ज्याने म्हैसूरचे पोलीस खाते चालवले, महसूल चालवला, प्लेगाची साथ हाताळली, तीन संस्थानांचा सगळा कारभार केला आणि एका संस्थानात प्रजासभा व दुसऱ्यात कायदे कौन्सिल उभी केली. समिती जे अशक्य धरून चालली होती ते या गृहस्थांनी आयुष्यभर केले होते. काँग्रेसने त्यांना निवडले यात मला मोठी सुज्ञता दिसते. भाषणे करणारे पुढारी काँग्रेसकडे पुष्कळ होते. पण हिंदी माणसाला राज्य करता येते याचा चालताबोलता दाखला म्हणून समितीपुढे बसवता येईल असा मनुष्य दुर्मिळ होता.

२३ डिसेंबर १९१९ रोजी कायद्यावर राजाची मोहोर उठली. पोलीस आणि महसूल गव्हर्नरकडेच राहिले. काँग्रेसची मागणी तेव्हा जबाबदार स्वराज्याची होती. पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव लाहोरला १९२९ मध्ये झाला. १९२० नंतर गांधीजींच्या असहकाराने राजकारणाचा सूरच बदलला आणि सनदशीर मार्गाचे ज्येष्ठ मागे पडत गेले. १९३४ मध्ये माधवराव वारले.

त्यांच्या म्हैसूरला जबाबदार राज्यपद्धती मिळायला आणखी तेरा वर्षे लागली. १९०७ ची कौन्सिल वाढत गेली, निवडून आलेल्यांची संख्या वाढली, पण दिवाण तिला उत्तरदायी झाला नाही. १९३८ मध्ये शिवपुरला काँग्रेसने झेंडा सत्याग्रह केला, विदुराश्वत्थला गोळीबार झाला. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही म्हैसूरमध्ये लोकांचे मंत्रिमंडळ नव्हते. सप्टेंबरात ‘म्हैसूर चलो’ची हाक उठली, हजारो लोक तुरुंगात गेले, आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये के. सी. रेड्डी म्हैसूरचे पहिले मुख्यमंत्री झाले.