दगडावरचा बाजार

कोल्हापुरात शुक्रवार वेशीजवळच्या जैन मंदिरातला एक शिलालेख शेकडो वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर होता. लपलेला नव्हता, पुरलेलाही नव्हता. पण त्याची लिपी जुनी कन्नड, भाषाही कन्नड, आणि भोवतालचं शहर मराठी बोलणारं. तो वाचू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. जुना लेख म्हणजे राजाची बिरुदं आणि देवाला दिलेली जमीन, अशीच बहुतेकांची समजूत.

लेख उलगडला तेव्हा त्यातून बाजार बाहेर आला.

साल शके १०५८, म्हणजे इसवी सन ११३५ च्या सुमाराचं. गादीवर शिलाहार राजा गंडरादित्य. त्याचा सामंत निंबदेव याने राजाच्या ‘रूपनारायण’ या बिरुदावरून कोल्हापुरात एक बस्ती, म्हणजे जैन मंदिर, उभारली होती. राजाची स्तुती लेखात आहेच, पण दान राजाचं नाही. ते व्यापाऱ्यांचं आहे. ऐहोळेच्या ‘पाचशे स्वामी’ या व्यापारी संघाची परंपरा सांगणारे, ध्वजावर डोंगराचं चिन्ह मिरवणारे हे ‘वीर बणंजू’. कोल्हापूर, मिरज, कुंडी प्रांत अशा ठिकाणच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन ठरवलं, की विकल्या जाणाऱ्या मालावर अमुक इतका वाटा बस्तीला द्यायचा. हा ठराव त्यांनी दगडावर कोरून ठेवला. मिरजेलाही शके १०६६ चा असाच एक लेख आहे. बखरी लिहिल्या जाण्याच्या कितीतरी आधी या भागातला एक समाज स्वतःच्या नावाने, स्वतःच्या निर्णयाची नोंद करत होता.

हे दगड पहिल्यांदा साहेबांनी टिपले, हे मान्य करायला हवं. मेजर ग्रॅहमने १८५४ च्या कोल्हापूर संस्थानावरच्या अहवालात इथल्या शिलालेखांना जागा दिली. पुढे कीलहॉर्न या विद्वानाने विजयादित्य आणि दुसरा भोज या शिलाहार राजांचे लेख संपादित केले, आणि वेशीजवळचा हा लेख मिरजेच्या लेखासोबत लंडनच्या बार्नेटने ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला. विद्वत्ता पहिल्या प्रतीची, यात शंका नाही. मात्र दगड कोल्हापुरात आणि त्याचं वाचन परदेशी ग्रंथालयात, असा तो मामला होता. गावोगावच्या देवळांतून, बांधांवरून, ओसाड वेशींतून पडलेल्या लेखांचा पाठपुरावा करायला इथेच राहणारा माणूस हवा होता.

तो राजाराम कॉलेजात होता. प्रा. के. जी. कुंदणगार कन्नडचे प्राध्यापक, जन्माने कन्नड मुलखातले आणि कर्माने कोल्हापूरचे. प्राकृत आणि जैन साहित्याचे थोर अभ्यासक आ. ने. उपाध्ये त्याच कॉलेजात शिकवत. कुंदणगारांनी १९२९ साली महालक्ष्मी मंदिरावरची आपली टिपणं पुस्तकरूपात आणली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९३९ मध्ये, उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थानातल्या शिलालेखांचा त्यांचा मोठा संग्रह कोल्हापुरातूनच प्रसिद्ध झाला.

असा संग्रह जमवायचा म्हणजे काय करावं लागतं, हे सांगितल्याशिवाय त्याचं मोल कळणार नाही. आधी दगड धुवायचा. तेल, शेंदूर, चुना, शेवाळ यांचे थर हलक्या हाताने काढायचे. जोर लावला तर अक्षरच निघून येतं. मग ओला कागद दगडावर पसरायचा आणि ब्रशने ठोकत राहायचं, म्हणजे तो अक्षरांच्या खोबणीत बसतो. कागद थोडा सुकला की वरून शाईची पुरचुंडी फिरवायची. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं उमटतात. हा झाला ठसा. खरं काम त्यानंतरचं. एखादी ओळ दगडाच्या कपारीत गेलेली असते. शक आणि संवत्सर यांचा मेळ बसत नाही. गावाचं नाव आज वेगळं झालेलं असतं. एकेका अक्षरावर अडून बसावं लागतं, आणि खात्री नसेल तिथे ती जागा रिकामी सोडण्याचा प्रामाणिकपणा लागतो.

या परिसरातल्या लेखांत माणसं कशी येतात पाहा. कागलजवळच्या होन्नूरला बम्मगावुंड नावाच्या गावप्रमुखाने बस्ती बांधली. लेख त्याची ओळख रात्रीमती कंती या साध्वीचा शिष्य म्हणून करून देतो. बाराव्या शतकातला गावप्रमुख एका बाईला गुरू मानतो आणि ते अभिमानाने कोरून ठेवतो. तळालेच्या ताम्रपटात गंडरादित्याने मिरज प्रांतातल्या इरुकुडीला तलाव खोदल्याचं सांगितलं आहे. त्या तलावाच्या काठी शंकर, बुद्ध आणि अर्हत या तिघांचीही स्थानं होती. मला हे वाक्य शिलाहारांच्या साऱ्या लढायांपेक्षा मोठं वाटतं.

मग आली ब्रह्मपुरी. पंचगंगेच्या काठावरच्या या टेकाडात १९४४–४५ च्या सुमारास कुंदणगारांच्या हाती कांस्य वस्तूंचा एक ठेवा आला. भांडी, आरसे, हत्तीवर बसलेली माणसं, आणि त्यांच्यात एक वीतभरही नसलेली उघड्या अंगाची, दाढीवाली मूर्ती. आपल्याकडच्या कुठल्याच देवाशी तिचं जमत नव्हतं. तो निघाला ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडन. भूमध्य समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून, समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेकाठी आला होता! लगोलग १९४५–४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. सातवाहनकाळातली वस्ती, त्यावर शिलाहारकाळ, त्याच्याही वर बहमनी थर, असं शहराचं आयुष्य एकावर एक रचलेलं दिसलं. शुक्रवार वेशीजवळच्या दगडावरचे व्यापारी या गावातले पहिले नव्हते. त्यांच्या हजार वर्षं आधी इथल्या बाजाराचे धागे रोमपर्यंत पोचले होते.

१९६० साली कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांनी या वस्तूंवर लेख लिहिला, तेव्हा शीर्षकातच त्यांनी या ठेव्याला कुंदणगारांचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी गदगच्या कन्नड साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद कुंदणगारांकडे आलं. कन्नड साहित्याने त्यांचा मान केला, तो योग्यच. मराठी वाचकाला मात्र त्यांचं नाव फारसं माहीत नाही. आपल्या जिल्ह्याचा इतका जुना जमाखर्च ज्याने पानोपानी उतरवून ठेवला, त्याच्या बाबतीत हे बरं नाही. १९३९ चा तो ग्रंथ मराठीत, टिपांसह, यायला हवा. शिलाहारांच्या लेखांचा वा. वि. मिराशींनी केलेला संग्रह १९७७ पासून उपलब्ध आहे, म्हणजे पाठ ताडून पाहण्याची सोयही आहे.

पोसायडन आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे, जरूर पाहा. आणि तुमच्या गावच्या देवळात, पारावर किंवा शेताच्या बांधाला अक्षरं असलेला दगड असेल, तर त्याला ऑइलपेंट लावू नका, जीर्णोद्धारात तो पायात घालू नका, त्यावर घासपूस करू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याचा फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाला कळवा.