सगळ्यात दणकट नर ईदला विकला, मग कळपाचं वजन वाढणार कसं?

मूल : ईद-उल-अजहा जवळ आली की मूल, सावली, पोंभुर्णा भागात बकरे आणि मेंढे शोधणं सुरू होतं. पहिला प्रश्न एकच असतो, "किती किलोचा आहे?" आपल्यातल्या अनेक घरांत दोन-चार बकऱ्या असतात. मेंढ्यांचे मोठे कळप मात्र कुरमार-धनगर बांधवांकडे. दोघांचीही तक्रार सारखीच : खायला घालतो, औषध देतो, तरी जनावर पूर्वीसारखं भरत नाही. याचं एक कारण चाऱ्यात आहे, दुसरं रक्तात. या लेखात दुसऱ्या कारणाबद्दल.

वजन ठरवणारं एकच जनुक नसतं. शेकडो जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात. शिवाय आईचं दूध, चारा, जंत, पावसाळ्यातली ओल हेही असतं. दोन कोकरांच्या वजनात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव हिस्साच आई-बापाकडून आलेला असतो, बाकी पालनपोषणाचा. शास्त्रज्ञ या हिश्शाला आनुवंशिकता म्हणतात. कळप आणि वय यांप्रमाणे तो कमी-जास्त होतो.

एक सोपं उदाहरण घेऊ. समजा कळपातली नर कोकरं सहा महिन्यांची झाली की सरासरी 18 किलो भरतात आणि एक नर 24 किलोचा निघाला. म्हणजे 6 किलो जास्त. त्यातला पाव हिस्सा, दीड किलो, त्याच्या रक्तातला. पिल्लाला बापाकडून अर्धंच मिळतं, म्हणून त्याच्या प्रत्येक पिल्लामागे सरासरी पाऊण किलो वाढ धरता येते. ऐकायला कमी वाटतं. पण 30 पिल्लं झाली तर साडेबावीस किलो होतात. खुराकाचा खर्च दरवर्षी करावा लागतो, रक्तातली सुधारणा पुढच्या पिढीतही राहते.

आता आपण काय करतो ते बघा. जो नर सगळ्यात लवकर भरला, त्याला सगळ्यात आधी गिऱ्हाईक मिळतं. तो ईदला जातो. मागे राहतो तो किरकोळ, न विकला गेलेला, आणि माद्या त्याच्याकडूनच गाभण राहतात. म्हणजे दरवर्षी आपण स्वतःच हलकं बी पेरतो. त्यात तोच नर चार-पाच वर्षं राहिला की बापाचा संबंध लेकीशी, भावाचा बहिणीशी येतो. अशा जवळच्या नात्यातली पिल्लं जन्मतः हलकी असतात, मरतुक वाढते.

महाराष्ट्रात या विषयावर सगळ्यात मोठं काम झालं ते सातारा जिल्ह्यात फलटणला. निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. आपली दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगाने अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी. त्यामागे फेक-बी नावाचं एकच जनुक आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालच्या मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या आणि तिथल्या बुरूला मेरिनोत हेच जनुक पोचलं. 2001 मध्ये त्यातला नेमका बदल शास्त्रज्ञांना सापडला.

फलटणला गरोळचा संकर दख्खनीशी केला. नंतर प्रत्येक पिढीत रक्त तपासून जनुक असलेलीच जनावरं निवडली आणि पुन्हा दख्खनीशी जोडली. त्यामुळे जुळ्यांचा गुण आला, गरोळचा लहानपणा मागे पडला. यातून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली. जुळ्यातलं एकेक कोकरू एकट्यापेक्षा हलकंच असतं, पण दोघांचं मिळून वजन जास्त भरतं. अट एकच : आईला गाभणपणी आणि दूध देताना जादा खुराक पाहिजे. नाहीतर दोन्ही कोकरं दगावतात.

एकाच जनुकाने मांस वाढल्याचीही उदाहरणं आहेत. अमेरिकेत 1983 मध्ये 'सॉलिड गोल्ड' नावाच्या मेंढ्यात मागचा भाग फार भरणारा बदल दिसला. मांस वाढलं, पण चिवट निघालं. म्हणून नुसत्या वजनामागे धावू नये.

बाहेरून मोठा नर आणतानाही सांभाळा. फलटण कोरडं, मूल धानाचं. इथे बांधीत पाणी साचतं, खूर सडतात, गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या कृमींचा त्रास होतो. तिकडे 40 किलो भरणारा मेंढा इथे तेवढा भरेलच असं नाही. इथल्या ओलीत टिकलेल्या जनावरांमधूनच निवड करणं जास्त भरवशाचं.

घरच्या घरी करता येईल ते एवढं :

1. पिल्लाला बिल्ला लावा. जन्माला, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाला वजन करून वहीत लिहा. आई-बाप कोण तेही लिहा. कुर्बानीचा बकरा पूर्ण वर्षाचा लागतो, म्हणून बकरीवाल्यांना वर्षाचं वजन महत्त्वाचं.

2. तुलना बरोबरीच्यांतच करा. एकाच हंगामातली पिल्लं घ्या. जुळं कोकरू एकट्याच्या जवळपास भरलं, तर खरा दम जुळ्यात आहे.

3. पहिल्या दोन नरांपैकी एक ठेवा, बाकीचे विका. नर ठेवताना आईचं दूध आणि तिची किती पिल्लं जगली तेही बघा.

4. दर दोन वर्षांनी नर बदला. विकत घ्यायचीच गरज नाही, शेजारच्या गावातल्या ओळखीच्या पालकाशी अदलाबदल चालते. पण आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि पीपीआरची लस झाली आहे का विचारा.

एक चांगला नर ईदला न विकता ठेवला तर त्या वर्षी हातात पैसा कमी येतो, हे खरं. लहान घराला ते जड जातं. म्हणून तीन-चार घरांनी मिळून एक नर ठेवावा आणि खर्च वाटून घ्यावा. त्याची पिल्लं विकायला निघेपर्यंत दीड-दोन वर्षं जातात, तेवढी कळ मात्र काढावी लागते.