खेळांतील गांवठाण

परभणी जिल्ह्यांतील कोणत्याही जुन्या खेड्याची जमीन लोकांच्या बोलण्यांत दोन भागांत वांटलेली असते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी दूरवर पसरलेली. पांढरी मात्र मारुतीचें देऊळ, पार, पाणवठा आणि चार-सहा आळ्या एवढ्यांतच आटोपलेली. कायद्यानेंही हा भेद मानला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १२२ प्रमाणें गांवठाणांत कोणती जमीन मोडते हें ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. या हद्दीच्या आंत नव्या घराला जागा मिळणें कठीण. जुन्या घराच्या वांटण्या होतां होतां भावाभावांना एकेक खोलीही पुरत नाहीं, हा अनुभव गोदाकांठच्या गंगाखेडास आणि डोंगराळ जिंतुरास सारखाच. ज्याला गांवांत जागा नाहीं त्याला एक वाट मोकळी असते. त्यानें आपल्या शेतांत आखाडा बांधून राहावें. आखाड्यावर जागेची ददात नसते, हवा मोकळी असते, गुरेंढोरें डोळ्यांसमोर असतात. तरीही माणूस गांवांतल्या दोन खणांसाठीं सख्ख्या भावाशीं अबोला धरतो, आणि आखाड्यावर सुखासुखीं कायमचा राहावयास जात नाहीं. कारण उघड आहे. आखाड्यावर घर मिळतें, पण शेजार मिळत नाहीं.

हाच जुना पेंच आज एका अगदीं नव्या ठिकाणीं उभा राहिला आहे. ज्या घरांत संगणकावर खेळणारा तरुण मुलगा किंवा मुलगी आहे, तेथील वडील मंडळींच्या कानांवर कधीं तरी एखादी विचित्र तक्रार येते. ‘यंदाहि सोडतींत घर लागलें नाहीं’, किंवा ‘परीक्षेपायीं दीड महिना खेळतां आलें नाहीं, तेवढ्यांत घर पाडलें गेलें.’ ऐकणाराला हंसूं येतें. पडद्यावरच्या चित्रांतलें घर! तें मिळालें काय आणि पडलें काय! परंतु तक्रार करणारे जगभर लक्षावधि आहेत, आणि त्यांच्या गाऱ्हाण्यांत विचार करण्याजोगें बरेंच कांहीं आहे.

प्रथम या खेळांचें स्वरूप लक्षांत घेतलें पाहिजे. बुद्धिबळाप्रमाणें एका बैठकींत संपणारे हे खेळ नव्हेत. सर्व्हर नांवाच्या दूरच्या मोठ्या संगणकावर एक कल्पित जग वसविलेलें असतें. त्यांत डोंगर, नद्या, बाजार व नगरें असतात, आणि हजारों खेळाडू आपापल्या घरून एकाच वेळीं तेथें वावरतात. एक जण उठून जेवावयास गेला म्हणून तें जग थांबत नाहीं. तेथें तो महिनोन् महिने काम करतो, धातु वितळवितो, कापड विणतो, व्यापार करतो, मित्र जोडतो. इतका काळ जेथें घालविला तेथें आपली म्हणून एक जागा असावी, मिळविलेल्या वस्तु मांडून ठेवाव्या, चार मित्रांना बोलवावें आणि दारावर आपल्या नांवाची पाटी असावी, ही इच्छा त्याला होते. ती अस्वाभाविक म्हणतां येणार नाहीं.

ही इच्छा पुरविण्याचा पहिला मोठा प्रयोग १९९७ सालीं झाला. त्या वर्षीं अमेरिकेंतील ओरिजिन सिस्टिम्स या संस्थेनें ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ सुरू केला. त्यांत रीति अशी होती कीं, खेळांतील नाण्यांनीं घराचें खरेदीपत्र घ्यावें आणि मोकळी जागा दिसेल तेथें घर उभें करावें. थोड्याच काळांत माळ, नदीकांठ, रस्त्यांच्या कडा सारें घरांनीं भरून गेलें. नव्यानें येणाऱ्याला झोंपडीपुरतीही जागा उरली नाहीं. मग जागांना भाव आला, आणि तो केवळ खेळांतल्या नाण्यांत राहिला नाहीं. ईबे या लिलावाच्या बाजारांत लोक खरे डॉलर मोजून हीं घरें घेऊं लागले. २००० सालीं चालकांनीं त्या जगाची दुसरी प्रत काढून जमीन दुप्पट केली, तेव्हां तेथेंहि चांगल्या जागांसाठीं धांव लागली.

या खेळांत एक नियम मात्र मराठवाड्यांतील जुन्या घरांची आठवण करून देणारा होता. परभणीकडील माळवदाच्या घराला तुळया, त्यांवर लांकडी किलचण आणि वर पांढऱ्या मातीचा थर असतो. दर पावसाळ्यापूर्वीं माळवदावर माती टाकून तें नीट करावें लागतें. धनी परगांवीं राहिला आणि चार पावसाळे कोणी वर चढलें नाहीं, तर माळवद गळूं लागतें, तुळई कुजते आणि एके रात्रीं घर खालीं बसतें. अल्टिमा ऑनलाइनमधील घरहि असेंच होतें. मालक बरेच दिवस फिरकला नाहीं तर घराची अवस्था पायरीपायरीनें उतरे, आणि शेवटीं पाटीवर ‘कोसळण्याच्या बेतांत’ अशी सूचना दिसे. ती दिसतांच आजूबाजूस लोक जमत. घर पडलें कीं आंतल्या वस्तु उघड्यावर येत आणि ज्याच्या हातीं जें लागेल तें तो नेई. शिवाय मोकळ्या झालेल्या जागेवर पहिलें घर कोण उभें करतो याची चुरस लागे. एकाची गैरहजेरी हीच दुसऱ्याची संधि होती.

या अनुभवानंतर पुष्कळ संस्थांनीं जणूं आखाड्याचा मार्ग धरिला. २००४ सालीं निघालेल्या ‘एव्हरक्वेस्ट टू’ या खेळांत नगरांतील एकाच दारांतून शेंकडों खेळाडू आंत जात, पण प्रत्येकाला आंत आपापली निराळी खोली दिसे. संगणकाला एकाच दाराआड हव्या तितक्या खोल्या मांडतां येतात. त्यामुळें जागेचा प्रश्नच उरला नाहीं. २०१४ सालच्या ‘वाइल्डस्टार’मध्यें तर प्रत्येकाला आकाशांत तरंगणारा स्वतंत्र भूखंड मिळे. घर हवें त्याला घर मिळालें, भांडणें मिटलीं. परंतु तक्रारींचें तोंड बंद झालें नाहीं; तिचें रूप तेवढें पालटलें. खिडकींतून पाहावें तर समोर कोणी नाहीं, दारावरून कोणी जात नाहीं, मुद्दाम बोलाविल्याविना कोणी येत नाहीं. हौसेनें सजविलेलें घर पाहणारा एकटा धनीच. आखाड्यावर बांधलेल्या माडीसारखी ही गत झाली.

उलट मार्ग धरणाऱ्या खेळांत सर्वांत अधिक चर्चा झाली ती जपानच्या स्क्वेअर एनिक्स या संस्थेच्या ‘फायनल फॅन्टसी चौदा’ची. हा खेळ २०१३ सालीं नव्या रूपांत सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांत घरें आलीं. तीं वॉर्डांत वसविलेलीं आहेत. एका वॉर्डांत ६० भूखंड. लहान, मध्यम आणि मोठे असे तीन आकार. रस्ता सर्वांचा, शेजारी खरे, अंगणांत लावलेलें झाड येणाऱ्याजाणाऱ्यास दिसणारें. म्हणजे हें खरें गांवठाण झालें, आणि गांवठाणाचीं सर्व दुखणींहि त्याच्याबरोबर आलीं. खेळाडूंची संख्या वाढत गेली; भूखंड त्या मानानें वाढले नाहींत. कांहीं जणांनीं निरनिराळ्या पात्रांच्या आणि संघांच्या नांवांनीं अनेक भूखंड अडविले. महाराष्ट्रानें १९६१ सालीं शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा केला, तशीच पाळी येथें चालकांवर आली. एका खात्याला एका सर्व्हरवर एक खाजगी व एक संघाचें घर, अशी मर्यादा त्यांना घालावी लागली.

जागा मोकळी झाल्यावर ती कोणाला द्यावयाची, हा प्रश्न तर अधिकच बिकट ठरला. प्रथम जो आधीं पोंचेल त्याची जागा, असा प्रकार होता. पुढें २०१८ पासून मोकळा झालेला भूखंड विक्रीस केव्हां खुला होईल तें गुप्त ठेवण्यांत येऊं लागलें. परिणाम असा झाला कीं, लोक भूखंडाच्या पाटीसमोर उभे राहून तासन् तास एकच कळ दाबीत बसले. कांहींनीं हें काम यंत्राकडे सोंपविलें, आणि नोकरीधंदा संभाळून खेळणारा माणूस मागें पडला. अखेर २०२२ च्या एप्रिलांत सोडतीची पद्धति आली. पांच दिवस अर्ज करावयाचे आणि पुढील चार दिवसांत निकाल पाहावयाचा. म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून बसणाऱ्या मराठी कुटुंबांना ही रीति वेगळी समजावून सांगावयास नको. पहिल्याच सोडतींत मात्र दोष निघाला. कित्येक भूखंडांवर अर्ज आलेले असतां निकालाचा आंकडा शून्य दिसला आणि घर कोणालाच लागलें नाहीं. चालकांना क्षमा मागून दुरुस्ती करावी लागली.

यापेक्षांहि अधिक टोंचणारा नियम म्हणजे घर पाडण्याचा. मालकानें सलग ४५ दिवस घरांत पाऊल टाकलें नाहीं तर घर आपोआप पाडलें जातें आणि भूखंड पुन्हां सोडतींत जातो. नियमामागील हेतु वाईट नाहीं. खेळ सोडून गेलेल्यांनीं जागा अडवून ठेवूं नये, एवढाच तो आहे. परंतु आजारी पडलेला, प्रसूतीसाठीं माहेरीं गेलेली, परीक्षेला बसलेला आणि कायमचा निघून गेलेला, यांतला फरक यंत्राला कळत नाहीं. शिवाय या खेळाला मासिक वर्गणी असल्यानें घर राखावयाचें तर वर्गणी भरीत राहणें ओघानेंच आलें. नियम कधीं सैल करावा लागतो, हें चालकांनींहि मानलें आहे. २०२० सालीं कोविडच्या साथींत आणि २०२४ च्या जानेवारींत जपानांतील नोतो द्वीपकल्पाच्या भूकंपानंतर तेथील खेळाडूंसाठीं घरें पाडणें तहकूब ठेवण्यांत आलें होतें. मोठ्या संकटाला दाद मिळाली. एकट्यादुकट्याच्या संकटाला मिळणें अवघड.

येथें साहजिकच प्रश्न येतो कीं, जेथें वीट लागत नाहीं आणि चुनाहि लागत नाहीं, तेथें टंचाई कशी? त्याला दोन कारणें आहेत. पहिलें यंत्राचें. समाईक वॉर्ड दाखवावयाचा म्हणजे साठ घरें, त्यांचीं अंगणें, तेथील प्रत्येक वस्तूचें स्थान, आणि हिंडणारीं सारीं माणसें यांची नोंद सर्व्हरनें अहोरात्र ठेवली पाहिजे आणि ती प्रत्येक येणाऱ्याच्या संगणकाकडे क्षणोक्षणीं पाठविली पाहिजे. मालक झोंपलेला असला तरी त्याचें घर शेजाऱ्याला दिसावेंच लागतें. आखाड्याच्या पद्धतींत मालक बाहेर पडतांच खोली मिटून ठेवतां येते. गांवठाणांत तसें करतां येत नाहीं. ही सामग्री पैसा मागते. दुसरें कारण वस्तीचें. वॉर्ड भराभर वाढवीत गेलें तर एका वॉर्डांत पांच घरें नांदतीं आणि पंचावन्न भूखंड ओस, अशी अवस्था येईल. मग ज्या शेजारासाठीं हा सारा खटाटोप, तोच नाहींसा होईल. म्हणून चालक हात आंखडून जमीन देतात. कांहीं ठिकाणीं तर टंचाई हाच व्यापाराचा पाया असतो. ‘डिसेंट्रालँड’ नांवाच्या आभासी जगांत सुमारें ९०,००० भूखंडच निर्माण करण्यांत आले, कारण संख्या ठराविक राहिली तरच भाव चढावयाचा. २०२१ सालीं ते चढले आणि पुढल्याच वर्षीं उतरले.

म्हणून या तक्रारीला केवळ पोरकटपणा म्हणून बाजूस सारणें न्याय्य होणार नाहीं. शिक्षणासाठीं परभणीहून पुण्यास गेलेल्या विद्यार्थ्याची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. एका खोलींत तीन-चार खाटा. भिंतीला खिळा ठोकावयाची घरमालकाची मनाई. ट्रंकेएवढीच काय ती स्वतःची जागा. अशा मुलाला पडद्यावर एक घर मिळतें, त्यांत तो स्वतःच्या आवडीची बैठक मांडतो आणि दूरदूरचे मित्र तेथें जमतात. त्यांत तो विटांचा नव्हे, वेळाचा आणि श्रमाचा भरणा करीत असतो. तें घर एका नियमानें नाहींसें झालें, तर गेलेली वस्तु खोटी असली तरी गेलेलें वर्ष खरें असतें. मात्र घर राखण्यासाठींच रोज खेळावयास बसणें म्हणजे मालकानें घराचें बिगारीपण पत्करणें होय, हेंहि त्याला सांगणें वडिलांचें काम आहे.

या दोन टोंकांमधून वाट काढण्याचा अलीकडचा यत्न ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळांत झाला. २००४ सालीं सुरू झालेल्या या खेळांत लोक कित्येक वर्षें घरांची मागणी करीत होते. ती २०२५ च्या डिसेंबरांत पुरी होऊं लागली. सोडत नको, भारी खर्च नको, हजेरीचा जाच नको, ज्याला घर हवें त्याला तें मिळावें, हें धोरण चालकांनीं आधींच जाहीर केलें होतें. घरें सुमारें पन्नासांच्या वस्तींत आहेत. एक सार्वजनिक वस्ती भरली कीं दुसरी आपोआप वसते, आणि मित्रमंडळींना आपली स्वतंत्र वस्तीहि करतां येते. जुनें गांवठाण ताणीत न बसतां नवें गांवठाण वसवावें, अशी ही युक्ति आहे. तिनें प्रत्येकाला घर मिळतें आणि शेजाराची शक्यताहि राहते. पाणवठ्याशेजारचा कोपऱ्याचा भूखंड मात्र प्रत्येक वस्तींत एकच असतो, आणि त्याच्यासाठींची चढाओढ तेथेंहि सुटलेली नाहीं.

वस्ती वाढवितांना जुन्यांना न उठवणें, नव्यांना दार न लावणें आणि कांहीं काळ दूर गेलेल्याची जागा राखणें, या तीन गोष्टींची सांगड घालणें जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरींत जितकें अवघड, तितकेंच सर्व्हर चालविणाऱ्यांच्या कचेरींतहि अवघड आहे. यंत्रानें जमीन हवी तेवढी काढतां येते. समोरच्या ओट्यावर बसून ‘कधीं आलांत?’ म्हणून विचारणारा माणूस मात्र यंत्राला काढतां येत नाहीं. घर मागणारा खेळाडू खरोखर मागत असतो तो हा ओटा.